विश्लेषण : गोल्फची मैदाने व्यावसायिकांसाठी फार सोपी झाली आहेत का? ओल्ड टॉम मॉरिस यांचे आयुष्य काय सांगते?

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स हे गोल्फचे माहेरघर मानले जाते. जुलै २०२२ मध्ये तेथे १५० वी ओपन स्पर्धा झाली. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथने चार फेऱ्यांत मिळून २६८ फटक्यांत ती जिंकली. चांगल्या खेळाडूला या मैदानावर चार फेऱ्यांसाठी २८८ फटके लागावेत, असे गृहीत धरलेले असते. स्मिथने त्यापेक्षा २० फटके कमी घेतले. सेंट अँड्र्यूजवरील ओपनमध्ये यापूर्वी कुणीही इतक्या कमी फटक्यांत विजेतेपद मिळवले नव्हते.

मग जुनाच वाद नव्याने सुरू झाला. गालिच्यासारखे गवत, एकसारख्या हिरवळी आणि लांब उडणारे चेंडू यांमुळे विजेतेपदाचा गोल्फ व्यावसायिकांसाठी फार सोपा झाला आहे का? या वादाचे मूळ शोधत गेल्यास आपण थेट १९ व्या शतकात, एका विणकराच्या मुलापर्यंत पोहोचतो. त्याचे नाव टॉम मॉरिस. चेंडू बनवणारा कारागीर, चार वेळा ओपन विजेता, मैदानाचा राखणदार आणि मैदानांचा रचनाकार अशा चारही भूमिका त्यांनी निभावल्या. त्यामुळे या वादाच्या दोन्ही बाजू त्यांच्या एकाच आयुष्यात पाहायला मिळतात.

मुळात वाद काय आहे?

गोल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू छिद्रात घालणारा जिंकतो. एका फेरीत साधारणपणे १८ छिद्रे असतात. छिद्राभोवती अगदी बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. तिथपर्यंत नेणारा गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे. वाटेत वाळूचे खड्डे, काटेरी झुडपे, ओढे असे अडथळे असतात.

क्रिकेटमध्ये पाटा खेळपट्टीवर धावांचा डोंगर उभा राहिला की गोलंदाज कुरकुरतात. गोल्फमध्ये गोलंदाज नसतो, मैदान हाच प्रतिस्पर्धी असतो. म्हणून फटक्यांचा आकडा खाली गेला की मैदान हरले, असा अर्थ काढला जातो. त्यावर दुसरी बाजू म्हणते, की आजचे खेळाडू अधिक तंदुरुस्त आणि अधिक सराव केलेले आहेत, मग आकडा उतरणारच. अडचण अशी की मैदान, चेंडू आणि खेळाडू या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत असतात. त्यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण असते. मॉरिस यांच्या आयुष्यात मात्र हे बदल एकेक करून आले.

विणकराचा मुलगा गोल्फमध्ये कसा आला?

टॉम मॉरिस यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी सेंट अँड्र्यूजमध्ये झाला. वडील विणकर होते. गावाला लागून समुद्रकाठची वाळवंटी, गवताळ जमीन होती. अशा जमिनीला तिकडे लिंक्स म्हणतात. शेतीला निरुपयोगी असलेल्या या जमिनीवर मेंढ्या चरत, बायका कपडे वाळत घालत आणि लोक गोल्फ खेळत.

पोरवयातच टॉम अॅलन रॉबर्टसन यांच्याकडे शिकाऊ म्हणून लागले. रॉबर्टसन त्या काळातील सर्वोत्तम गोल्फपटू मानले जात. पण त्यांचे पोट चालत होते ते चेंडू बनवण्यावर. चामड्याची छोटी पिशवी शिवायची, तिच्यात उकळलेली पिसे ठासून भरायची आणि तोंड शिवून टाकायचे. वाळताना चामडे आकसते आणि आतली पिसे फुगतात. या दुहेरी दाबामुळे चेंडू टणक होतो. काम किचकट असल्याने कुशल कारागीरही दिवसाला मोजकेच चेंडू बनवू शकत असे. साहजिकच चेंडू महाग होता. ओला झाला की जड व्हायचा, शिवण उसवली की फुटायचा.

म्हणजे त्या काळात खेळ कठीण होता त्याचे निम्मे कारण मैदान होते आणि निम्मे चेंडू. ज्याच्या खिशात पैसे नव्हते, त्याच्यासाठी तर तो खेळ सुरूच होत नव्हता.

एका चेंडूमुळे गुरू-शिष्य का दुरावले?

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलाया भागातील एका झाडाचा चीक. गरम पाण्यात तो मऊ होतो, हाताने गोळा वळता येतो आणि थंड झाला की कडक होतो. या चेंडूबद्दल एक कथा सेंट अँड्र्यूजमध्ये आजही सांगितली जाते. पूर्वेकडून आलेल्या विष्णूच्या मूर्तीला धक्का लागू नये म्हणून पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते आणि त्यांतूनच पहिला चेंडू वळला गेला, अशी ती कथा. इतिहासकार तिच्याकडे दंतकथा म्हणूनच पाहतात.

नवा चेंडू स्वस्त होता, टिकाऊ होता आणि पिचला तरी गरम करून पुन्हा वळता येत होता. सुरुवातीला त्यात एक दोष होता. गुळगुळीत असल्यामुळे तो हवेत डुबकी मारायचा. पण मार खाऊन खरचटलेला चेंडू अधिक सरळ उडतो, हे खेळाडूंच्या लक्षात आले. मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खुणा करू लागले. आजच्या चेंडूवरील खळग्यांमागेही हेच वायुगतिकीचे तत्त्व आहे.

रॉबर्टसन यांना यात धंद्यावर आलेले संकट दिसले आणि त्यांनी नव्या चेंडूला कडवा विरोध केला. एकदा खेळताना मॉरिस यांच्याकडचे चेंडू संपले, तेव्हा त्यांनी सोबत्याकडून गटापर्चाचा चेंडू घेतला. हे रॉबर्टसन यांना कळले आणि दोघांत मोठा खटका उडाला. मॉरिस यांनी गुरूचे दुकान कायमचे सोडले.

चेंडू खेळ सोपा करतो म्हणून खेळ बिघडतो, की सोपा करतो म्हणून खेळ पसरतो? हा प्रश्न तेव्हा एका दुकानापुरता होता. पुढे रॉबर्टसनही गटापर्चाकडे वळले आणि पिसांचा चेंडू काही वर्षांतच इतिहासजमा झाला. त्या स्वस्त चेंडूमुळे गोल्फ सामान्य कारागिरांच्या आणि कामगारांच्या आवाक्यात आला.

पहिली ओपन स्पर्धा कशी झाली?

१८५१ मध्ये मॉरिस पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे गेले. तेथे नव्याने स्थापन झालेल्या क्लबसाठी त्यांनी १२ छिद्रांचे मैदान आखले. मातीचे डोंगर हलवणारी यंत्रे तेव्हा नव्हती. वाळूच्या टेकड्या, खोलगट भाग, वाहते पाणी जसे होते तसे ठेवून त्यांतून वाट काढायची, एवढेच हाती होते. एकूण लांबी ३,७९९ यार्ड होती. त्यातले पहिले छिद्र तब्बल ५७८ यार्ड दूर होते.

रॉबर्टसन १८५९ मध्ये वारले. त्यांच्यानंतर सर्वश्रेष्ठ कोण, याचा निकाल लावण्यासाठी १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविकवर स्पर्धा घेण्यात आली. आठ व्यावसायिक उतरले. १२ छिद्रांच्या तीन फेऱ्या, म्हणजे एकूण ३६ छिद्रे, एकाच दिवसात खेळली गेली. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला, तर मॉरिस १७६ फटक्यांसह दुसरे आले. हीच पहिली ओपन स्पर्धा. बक्षीस होते लाल मोरोक्को चामड्याचा पट्टा.

पुढे मॉरिस यांनी १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा ओपन जिंकली. १८६२ मधील त्यांचा विजय १३ फटक्यांच्या फरकाने होता. मेजर स्पर्धेतील हा विक्रम मोडायला २००० साल उजाडले. त्या वर्षी टायगर वूड्सने अमेरिकन ओपन १५ फटक्यांनी जिंकली. १८६७ मध्ये मॉरिस ४६ वर्षांचे होते. ओपनचा सर्वांत वयस्कर विजेता हा मान आजही त्यांच्याकडेच आहे.

मैदान ‘राखणे’ म्हणजे काय, हे त्यांनी कसे दाखवले?

१८६४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने मॉरिस यांना परत बोलावले. काम होते मैदानाची राखण. पगार वर्षाला ५० पौंड आणि देखभालीसाठी २० पौंड. हाताशी ढकलगाडी, फावडे, कुदळ आणि अधूनमधून एखादा मजूर.

तेव्हा मैदानाची अवस्था बिकट होती. गटापर्चाच्या स्वस्त चेंडूमुळे खेळणाऱ्यांची गर्दी वाढली होती आणि हिरवळी उखडल्या होत्या. मॉरिस यांचा मुख्य उपाय होता वाळू. एकदा ढकलगाडीतून सांडलेल्या वाळूखालचे गवत नंतर जोमाने वाढले आणि त्यावरून त्यांना ही युक्ती सुचली, असे सांगितले जाते. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. वाळूचा पातळ थर खळगे भरून पृष्ठभाग समतल करतो. पावसाचे पाणी साचत नाही, झिरपून जाते. मेलेल्या गवताचा स्पंजासारखा थर तयार होत नाही आणि बारीक पात्याच्या गवताला नवी मुळे फुटतात. आज जगभरातील गोल्फ मैदानांवर हीच पद्धत नेमाने वापरली जाते.

याशिवाय त्यांनी काटेरी झुडपे मागे सारून खेळाचा पट्टा रुंद केला, हिरवळी मोठ्या केल्या आणि पहिल्या व अठराव्या छिद्रासाठी नव्या हिरवळी घडवल्या. रविवारी मैदान बंद ठेवण्याबाबत ते ठाम होते. माणसांना विश्रांतीची गरज नसेलही, पण गवताला असते, अशी त्यांची भूमिका होती. स्पर्धांचा अपवाद सोडला, तर ओल्ड कोर्सवर आजही रविवारी गोल्फ होत नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. या सगळ्याने मैदान सोपे झाले का? निश्चितच झाले. रुंद पट्ट्यात चेंडू झुडपात हरवत नाही आणि समतल हिरवळीवर तो खड्ड्यात अडखळत नाही. पण सोपे झाले म्हणजे सगळे सारखे झाले, असे मात्र घडले नाही. उलट चांगला फटका आणि नशिबाचा फटका यांतला फरक स्पष्ट दिसू लागला. खडबडीत हिरवळीवर अचूक मारलेला चेंडूही भरकटतो. समतल हिरवळीवर तो भरकटला, तर दोष मारणाऱ्याचा असतो.

वडिलांचे मैदान की मुलाची गुणवत्ता?

याचा पुरावा मॉरिस यांच्या घरातूनच आला. मुलाचे नावही टॉमच. म्हणून लोक वडिलांना ओल्ड टॉम आणि मुलाला यंग टॉम म्हणू लागले. १८६८ मध्ये धाकट्या टॉमने वयाच्या १७ व्या वर्षी प्रेस्टविकवर ओपन जिंकली. दुसरे आले खुद्द वडील. सर्वांत लहान विजेता हा विक्रम अजूनही धाकट्या टॉमच्या नावावर आहे. १८६९ मध्ये तो पुन्हा जिंकला. १८७० मध्ये त्याने ३६ छिद्रे १४९ फटक्यांत पूर्ण केली आणि सलग तिसऱ्या विजयामुळे तो पट्टा कायमचा त्याचा झाला. त्या दिवशी ५७८ यार्डांचे पहिले छिद्र त्याने अवघ्या तीन फटक्यांत गाठले होते.

येथे थोडा हिशेब करून पाहता येतो. मैदान तेच १२ छिद्रांचे, चेंडूही गटापर्चाचाच. १८६० मध्ये विजेत्याचा आकडा १७४ होता, १८७० मध्ये १४९. दहा वर्षांत २५ फटके कमी. पण उपविजेत्यांचे आकडे पाहिले, तर १८६० मध्ये १७६ आणि १८७० मध्ये १६१. फरक १५ फटक्यांचा. म्हणजे मैदानाची निगा, वाढलेला सराव आणि हवामान यांचा सगळ्यांना मिळालेला फायदा ढोबळमानाने १५ फटक्यांचा असावा. त्यापुढची घट एका असामान्य खेळाडूची होती.

ओपन ३६ छिद्रांची होती तोवर, म्हणजे १८९१ पर्यंत, १४९ चा आकडा कुणालाही गाठता आला नाही. मैदानेच सोपी झाली असती, तर पुढच्या २० वर्षांत कुणीतरी तो गाठला असता.

पावसाने काय शिकवले?

१८७१ मध्ये पट्टाच नसल्याने ओपन झाली नाही. १८७२ मध्ये नव्या करंडकावर पहिले नाव धाकट्या टॉमचेच कोरले गेले. १८७३ मध्ये ओपन पहिल्यांदाच सेंट अँड्र्यूजला, म्हणजे थोरल्या टॉमच्या देखरेखीखालील मैदानावर आली. आधी मुसळधार पाऊस झाला होता आणि जागोजागी पाणी साचले होते. टॉम किड १७९ फटक्यांत जिंकला. ३६ छिद्रांच्या ओपनमधील विजेत्याचा हा सर्वांत मोठा आकडा ठरला.

जे मैदान राखण्यासाठी मॉरिस सुमारे नऊ वर्षे राबत होते, तेच मैदान एका पावसाने कमालीचे कठीण करून टाकले. लिंक्स मैदानाची खरी तटबंदी गवतात नसते, ती वाऱ्या-पावसात असते. कोरड्या, कडक जमिनीवर वारा सुटला की मोठमोठ्यांचे आकडे फुगतात. ओली मऊ जमीन आणि शांत हवा असेल, तर चेंडू पडेल तिथेच थांबतो आणि तेच खेळाडू मैदानावर राज्य करतात.

यानंतर मॉरिस यांच्यावर आघात झाले. सप्टेंबर १८७५ मध्ये बाप-लेक नॉर्थ बेरिक येथे पार्क बंधूंशी सामना खेळत असताना तार आली. धाकट्या टॉमची पत्नी बाळंतपणात अत्यवस्थ होती. दोघे बोटीने परत निघाले, पण पोहोचेपर्यंत आई आणि बाळ दोघेही गेले होते. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, २४ व्या वर्षी, धाकट्या टॉमचाही मृत्यू झाला. पुढील वर्षी मॉरिस यांची पत्नी गेली आणि नंतरच्या वर्षांत उरलेली मुलेही. सगळ्यांच्या मागे थोरले टॉम उरले आणि मैदानावर जात राहिले. वयाची सत्तरी ओलांडल्यानंतरही ते ओपन खेळत होते.

मॉरिस यांच्या मैदानावरच ‘सोपे’ असल्याचा ठपका कसा आला?

उतारवयात मॉरिस यांना मैदाने आखण्यासाठी ठिकठिकाणाहून बोलावणे येई. डॉर्नॉक, आयर्लंडमधील काउंटी डाउन, लाहिंच अशी अनेक मैदाने त्यांच्या हातून घडली किंवा वाढली. आज ही मैदाने जगातील उत्तम मैदानांत गणली जातात.

१८९१ मध्ये त्यांनी एडिनबराजवळ म्यूरफिल्ड आखले. लगेच पुढच्या वर्षी तेथे ओपन झाली. ७२ छिद्रांची ही पहिलीच ओपन. हॅरॉल्ड हिल्टन या हौशी खेळाडूने ३०५ फटक्यांत ती जिंकली आणि व्यावसायिकांनी नाके मुरडली. अँड्र्यू कर्कल्डीने तर या मैदानाची तुलना पाणथळ कुरणाशी केली. मैदान विजेतेपदाच्या लायकीचे नाही, फार सोपे आहे, असा तक्रारीचा सूर होता. म्हणजे आजचा वाद १३० वर्षांपूर्वीही याच शब्दांत सुरू होता.

पुढे काय झाले? म्यूरफिल्डवर पुढची ओपन १८९६ मध्ये झाली आणि हॅरी व्हार्डनला जिंकण्यासाठी ३१६ फटके लागले. १९२० च्या दशकात हॅरी कोल्ट यांनी मैदानाची नव्याने रचना केली. आज तेच म्यूरफिल्ड ओपनच्या सर्वांत खडतर आणि न्याय्य मैदानांपैकी एक मानले जाते.

रबरी चेंडूने गणित बदलले का?

मॉरिस यांच्या हयातीतच चेंडू दुसऱ्यांदा बदलला. रबराचे धागे ताणून गुंडाळलेला हॅस्केल चेंडू अमेरिकेतून आला. १९०२ मध्ये सँडी हर्डने तो वापरून ओपन जिंकली आणि गटापर्चाचे दिवस संपले. १९०४ मध्ये सँडविच येथे जॅक व्हाइटने २९६ फटक्यांत ओपन जिंकली. ७२ छिद्रांत ३०० च्या खाली जाणारा तो पहिला विजेता. आता मैदानांचे कसे होणार, अशी चिंता सुरू झाली.

पण पुढच्याच वर्षी ओपन सेंट अँड्र्यूजला आली. चेंडू रबरी, खेळाडूही बहुतेक तेच. तरीही जेम्स ब्रेडला जिंकायला ३१८ फटके लागले. एका वर्षात तब्बल २२ फटक्यांचा फरक. याच मैदानावर १९०० मध्ये जे. एच. टेलरने जुन्या गटापर्चाच्या चेंडूने ३०९ फटक्यांत ओपन जिंकली होती. नवा चेंडू आला की आकडा लगेच कोसळतो, हा समज येथे टिकत नाही. लांब उडणारा चेंडू चुकीच्या दिशेनेही लांबच जातो.

मॉरिस यांनी १९०३ मध्ये मैदानाची जबाबदारी सोडली. मे १९०८ मध्ये न्यू गोल्फ क्लबच्या जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. वय होते ८६.

मग आज बिघडले कुठे?

मॉरिस यांच्या काळातील आणि आजच्या वादात एक मोठा फरक आहे. तो आहे जागेचा. चेंडू थोडा लांब जाऊ लागला, तर तेव्हा मागे सरकायला जागा होती. आज ओल्ड कोर्सच्या एका बाजूला गाव आहे आणि बाकी बाजूंना इतर मैदाने आहेत. तरीही २०२२ च्या ओपनसाठी त्याची लांबी ७,३१३ यार्डांपर्यंत नेण्यात आली. १७ व्या छिद्रासाठी पहिला फटका मारण्याची जागा २०१० मध्ये सुमारे ४० यार्ड मागे, मूळ मैदानाच्या हद्दीपलीकडे सरकवावी लागली.

लांबी वाढवता येत नाही, मग हिरवळी आणखी गुळगुळीत करून वेगवान का करू नयेत? त्यालाही मर्यादा आहे. २०१५ च्या ओपनमध्ये शनिवारी सेंट अँड्र्यूजवर असा वारा सुटला की हिरवळीवर ठेवलेले चेंडू आपोआप सरकू लागले. खेळ १० तासांहून अधिक काळ थांबला आणि स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. गवत जितके बारीक, तितके चेंडूला धरून ठेवणारे घर्षण कमी. त्यामुळे वाऱ्याच्या मैदानावर हिरवळी काहीशा संथच ठेवाव्या लागतात आणि शांत हवेच्या दिवशी त्याच व्यावसायिकांना सोप्या वाटतात.

खड्डे वाढवण्याचा उपायही अर्धवट आहे. २००० मध्ये वूड्सने येथे २६९ फटक्यांत ओपन जिंकली, तेव्हा मैदानावरील ११२ वाळूच्या खड्ड्यांपैकी एकातही त्याचा चेंडू चारही दिवसांत पडला नाही. अशा खेळाडूसाठी नवे खड्डे खणले, तर त्यात पडणार आहेत ते सुटीच्या दिवशी खेळायला येणारे हौशी लोक.

उपाय मैदानात की चेंडूत?

जागतिक नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्या बाजूने उत्तर दिले. चेंडू किती अंतर जाऊ शकतो, याची चाचणी अधिक कडक करण्याचा निर्णय त्यांनी जाहीर केला. त्या वेळच्या वेळापत्रकानुसार व्यावसायिकांसाठी २०२८ पासून आणि सर्वांसाठी २०३० पासून बदल ठरला. सर्वांत लांब फटके मारणाऱ्यांचे अंतर १३ ते १५ यार्डांनी कमी होईल, हौशी खेळाडूंना पाच यार्ड किंवा त्याहून कमी फरक पडेल, असा संस्थांचा अंदाज होता. काही खेळाडू आणि चेंडू बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याला विरोध केला. रॉबर्टसन यांच्या दुकानातला तंटा वेगळ्या रूपात परतला, एवढाच त्याचा अर्थ.

येथे प्रश्न फक्त विक्रमांचा नाही. मैदान लांबवायचे म्हणजे अधिक जमीन, अधिक पाणी, अधिक मजुरी आणि चालायला अधिक वेळ. हा खर्च वर्षातील चार दिवसांसाठी होतो आणि उरलेले दिवस तो सामान्य खेळाडू भरतो.

मॉरिस यांचे आयुष्य काय सांगते?

त्यांच्या वाटचालीतून तीन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. पहिली, चांगली निगा मैदान सोपे करते हे खरे, पण त्यामुळे श्रेष्ठ आणि सामान्य यांतला फरक पुसला जात नाही, तो अधिक उठून दिसतो. धाकट्या टॉमचे १४९ फटके हा त्याचा पुरावा. दुसरी, आकडा एकट्याने काही सांगत नाही. १८७३ चा पाऊस आणि १९०५ मधील ३१८ फटके पाहिल्याशिवाय २६८ चा अर्थ लावता येत नाही. सर्वांना सारखेच मैदान मिळाले असेल आणि सर्वोत्तम खेळलेला जिंकला असेल, तर स्पर्धेने आपले काम केले आहे. तिसरी, चेंडूचा पल्ला वाढवता येतो, समुद्रकाठची जमीन वाढवता येत नाही. म्हणून सोपे झालेले मैदान ही तितकी मोठी अडचण नाही. मैदानाला पुरून उरणारा चेंडू ही मोठी अडचण आहे.

१८९५ मध्ये ओल्ड कोर्सवर गर्दी मावेनाशी झाली, तेव्हा शेजारच्या जमिनीवर काय करायचे, हा प्रश्न होता. मॉरिस यांनी त्या जागेत जुने मैदान लांबवले नाही. तेथे १८ छिद्रांचे दुसरे मैदान आखले, म्हणजे आणखी लोकांना खेळता यावे. न्यू कोर्स नावाचे ते मैदान आजही सर्वांसाठी खुले आहे. आणि ओल्ड कोर्सच्या ज्या शेवटच्या छिद्रावर २०२२ मध्ये स्मिथने आपला २६८ वा फटका मारला, त्या छिद्राचे नाव आहे टॉम मॉरिस.